सासऱ्यांचे तळवे, बाळाचे तळवे आणि आईच्या टाचा

प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या सासऱ्यांचे तळहात आणि तळपाय लहानपणापासून पिवळट, जाड, लाकडासारखे आहेत. नवऱ्याचेही तसेच. आता आमच्या सात महिन्यांच्या मुलीचे तळपाय लालसर आणि राठ दिसायला लागलेत. गावात कुणी जळवात म्हणतं, कुणी हळूच कुष्ठ म्हणतं. त्यातच माझ्या आईच्या (वय ५२) टाचा गेल्या दीड वर्षात जाड होऊन फाटायला लागल्या. तिचं आमच्याकडे येणं-जाणं असतं. हे लागण होणारं आहे का? बरं होतं का? दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नको?"

ताई, लागणीचा प्रश्न आधी निकालात काढू. सासऱ्यांचं आईला काही लागलेलं नाही आणि बाळाचं तुम्हाला लागणार नाही. तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टी योगायोगाने एका वेळी आल्यात. सासरे, नवरा आणि मुलगी यांचा एक आजार, आईचा दुसरा. दोन्हींना आम्हा त्वचेच्या डॉक्टरांच्या पुस्तकात एकच लांबलचक नाव आहे, पाल्मोप्लांटर केराटोडर्मा, म्हणजे तळहात-तळपायांची कातडी जाड होणं. नाव एक असलं तरी कारणांची यादी भली मोठी आहे आणि ती दोन ढिगांत विभागलेली आहे: घराण्यातून आलेली आणि नंतर मागे लागलेली.

तळव्याची कातडी मुळातच निराळी. अंगावर बहुतेक ठिकाणी वरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो, तळपायाला तो दीड मिलिमीटरच्या आसपास जातो. तिथे केस नाहीत, तेलाच्या ग्रंथी नाहीत, नुसता घाम. म्हणून तळवा लवकर कोरडा पडतो आणि कोरडा पडला की फाटतो. त्यावर दाब आला की शरीर आणखी थर चढवतं, तो घट्टा. खुरपं धरणाऱ्याला, शिंप्याला, तबलजीला तो होतोच आणि ज्याचं त्याला कौतुकही असतं. मग घट्टा कुठला आणि आजार कुठला? मी रुग्णाला खुर्चीवर पाय वर करायला सांगतो आणि तळपायाचा मधला खोलगट भाग बघतो, जो चालताना जमिनीला टेकत नाही. टाच आणि चवडा जाड पण ही खोलगट जागा मऊ असेल, तर बहुधा दाबाचा मामला. तीही पिवळी आणि निबर असेल, तर कारण दाबाच्या पलीकडचं आहे. आज घरी गेल्यावर सासऱ्यांचा पाय असा बघा. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, सगळा तळवा एकसारखा भरलेला असेल आणि कडेला, जिथे तळव्याची कातडी संपते, तिथे लालसर रेघ ओढल्यासारखी दिसेल.

आता घराण्याचं. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलीकडे, एकही पिढी न वगळता आणि बाळ वर्षाचं व्हायच्या आतच सुरुवात. या चार गोष्टी एकत्र आल्या की सगळ्यात आधी केराटिन ९ नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाची शंका येते. केराटिन म्हणजे कातडीच्या पेशींमधला सांगाडा, छपराला वासे असावेत तसा. अंगभर वेगवेगळी केराटिनं असतात, पण नऊ नंबरचं जवळपास फक्त तळव्यांवर सापडतं. म्हणून दोष सगळ्या पेशींत असूनही दिसतो तो तळव्यांवरच. बाकीचं अंग, चेहरा, केस, दात, सगळं धडधाकट. वासे कमकुवत असल्याने पेशी दाबाखाली फुटतात आणि शरीर त्यावर उपाय म्हणून थरावर थर रचत जातं. हे जनुक १९९४ साली सापडलं.

या आजाराचा इतिहास गमतीचा आहे. १८८० साली थोस्ट यांनी आणि १८८३ साली उन्ना यांनी, दोघे जर्मन, अशी घराणी नोंदवली. पुढे १९०१ मध्ये फ्योर्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फुटलेला एक प्रकार दाखवला. मग शंभर वर्षं आम्ही सगळे थोस्ट-उन्ना एक आणि फ्योर्नर दुसरा असं पाठ करत राहिलो. मी स्वतः परीक्षेत ते लिहून गुण मिळवलेत! नंतर थोस्ट यांच्या मूळ घराण्यातल्या वंशजांची कातडी तपासली, तर तीही फुटक्या पेशींचीच निघाली. म्हणजे नाव वेगळं आणि आजार तोच. जुन्या कागदावर कुणी 'थोस्ट-उन्ना' लिहून दिलं असेल तर त्यावरून फार काही ठरवू नका.

खात्री करायची झाली तर बाळाला हात लावायची गरज नाही. नवऱ्याच्या तळव्याचा लहानसा तुकडा तपासता येतो किंवा त्याच्या रक्तातून जनुक-चाचणी करता येते. त्याचं उत्तर मिळालं की बाळाचं आपोआप मिळतं. सासऱ्यांच्या बोटांच्या सांध्यांवर मागच्या बाजूला जाडसर गाद्या आहेत का, तेही बघा. या प्रकारात त्या असू शकतात.

पण माझं खरं लक्ष तळव्यावर नसतं. जाडी बघून आजाराचा धोका कळत नाही. धोका कळतो तो तळव्याच्या बाहेर बघून: केस, दात, नखं, कान, छाती.

एक प्रसंग सांगतो. नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला होता. तक्रार तळहातांची. जाड, थोडी खपली धरलेली कातडी, तशीच गुडघ्यांवरही. सोरायसिस म्हणून आधी बरीच मलमं झाली होती. मी काहीतरी विनोद केला, तर पोरगं तोंडावर हात ठेवून हसलं. हात बाजूला करायला सांगितला. हिरड्या सुजलेल्या, पुढचे दात हलत होते. दुधाचे दात पाचव्या वर्षापर्यंतच पडून गेले होते आणि घरच्यांना 'ब्रश नीट करत जा' एवढंच सांगण्यात आलं होतं. आईवडील एकमेकांचे कोण, विचारलं, तर मामाची मुलगी केलेली. हा पापियों-लफेव्ह्र आजार. पापियों आणि लफेव्ह्र या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ मध्ये नोंदवलेला, कॅथेप्सिन सी या एन्झाइमच्या दोषामुळे होणारा. त्यात पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, हिरड्या आणि जबड्याचं हाड झिजतं आणि कायमचे दातही पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत गळतात. यकृतात गळू होण्याचीही भीती असते. वेळेत दातांचा डॉक्टर, प्रतिजैविकं आणि आमच्या गोळ्या जुळून आल्या तर काही दात वाचवता येतात. त्या मुलाचे थोडे वाचले, सगळे नाही.

हा आजार मुलाला होतो तेव्हा आई आणि वडील, दोघांकडूनही बिघडलेली प्रत आलेली असते. दोघं स्वतः ठणठणीत असतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अजून टिकून आहे, म्हणून असे आजार आपल्या ओपीडीत दिसतात. एड्रियाटिक समुद्रातल्या म्लेत (इटालियनमध्ये मेलेडा) बेटावर अशाच आपसातल्या लग्नांमुळे 'मेलेडा रोग' टिकून राहिला. दुब्रोव्हनिकच्या लुका स्तुल्ली या डॉक्टरांनी तो १८२६ मध्येच लिहून ठेवला होता. त्यात जाडी तळव्यावर थांबत नाही, मनगटावर आणि पायाच्या वरच्या बाजूला मोजे घातल्यासारखी चढत जाते आणि वास येतो. तुमच्या घरचं वेगळं आहे. तिथे एकाच पालकाकडून आलेली एक प्रत पुरते.

तळव्यांबरोबर जन्मापासून लोकरीसारखे कुरळे केस असतील, तर मी आधी ईसीजी आणि इको लिहून देतो. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर १९८६ मध्ये नोंदवलेल्या या आजारात हृदयाचा स्नायू हळूहळू चरबी आणि चट्ट्यांनी भरतो आणि तरुण वयात अचानक मृत्यू येऊ शकतो. कमी ऐकू येणं आणि बोटांभोवती आवळत जाणारे कडे दिसले, तर आणखी एक प्रकार. नखं ठोकळ्यासारखी जाड आणि पाय टेकवताना ठणका, तर आणखी एक. बाळाचे डोळे लाल होत असतील, उजेड सोसत नसेल आणि तळव्यांवर दुखरे जाड ठिपके असतील, तर रक्तात टायरोसिन नावाचा प्रथिनांतला घटक वाढण्याचा आजार असू शकतो. तो ठरावीक आहाराने आटोक्यात येतो, म्हणून चुकवायचा नसतो. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या काही घराण्यांत तळव्यांच्या जाडीबरोबर अन्ननलिकेचा कर्करोग येतो, हे १९५८ मध्ये लक्षात आलं. तिथे सुरुवात शाळकरी वयात होते. तुमच्या घरात यातलं काही दिसत नसेल आणि सासरे सत्तरीत शेतात काम करत असतील, तर माझ्या मते हीच मोठी चांगली बातमी आहे.

कुष्ठाचं. कुष्ठरोगात तळवा असा पिवळा, एकसारखा जाड होत नाही. नस बधिर झाली की घाम आटतो, पाय कोरडा पडून फाटतो आणि दुखत नाही, हे खरं. पण इथे एक खाच आहे. तुमच्या नवऱ्याच्या तळव्यावर कापसाने स्पर्श केला तर त्यालाही कळणार नाही, कारण मध्ये जाड थर आहे. तेवढ्यावरून कुणी बधिरपणा लिहून टाकू नये. त्यासाठी कोपराच्या आतल्या बाजूची नस हाताला जाड लागते का ते चाचपायचं, अंगावर फिकट बधिर चट्टा आहे का ते बघायचं. बरं, असता कुष्ठ तरी काय? तोही औषधाने पूर्ण बरा होतो. गावात बोलणाऱ्यांना हे दोन्ही सांगा.

आता तुमच्या आईकडे वळतो. बावन्नाव्या वर्षी सुरू झालेली जाडी घराण्यातली समजायची नाही, तिच्यामागचं कारण शोधायचं. पाळी जाण्याच्या सुमाराला, विशेषतः वजन जास्त असलेल्या बायकांना टाचेच्या दाबाच्या जागी जाडी येते, भेगा पडतात आणि सकाळी उठून पहिली पावलं टाकताना जीव जातो. डेन्मार्कच्या हाक्सथाउसेन यांनी १९३४ मध्ये हे वर्णन केलं. आईचं बहुधा हेच. तरीही रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण थायरॉइड मंदावला तरी तळवे जाड आणि पिवळट होतात. शिवाय सोरायसिस आहे का, साबण किंवा सिमेंटचा इसब आहे का आणि बुरशी आहे का, हे बघायलाच हवं.

बुरशीवर मी एकदा तोंडघशी पडलो आहे. नवखा होतो. एक गवंडी आला, उजवा तळहात आणि दोन्ही तळपाय कोरडे, पीठ भुरभुरल्यासारखे पांढुरके. सिमेंटचा इसब, असं ठरवून मी चार महिने स्टेरॉइड मलम दिलं. आठवडाभर बरं, मग पुन्हा जैसे थे. शेवटी माझ्या हाताखालच्या मुलीने खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात फांद्या फुटलेले बुरशीचे धागे दाखवले. 'दोन पाय, एक हात' ही बुरशीची ठरलेली चाल आहे. सिमेंट दोन्ही हातांना लागतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. म्हणून आईच्या टाचेची खरवड तपासल्याशिवाय मेडिकलवाल्याने दिलेलं तीन-चार औषधांचं मिश्रण असलेलं मलम लावू नका. त्यात कडक स्टेरॉइड असतं. ते बुरशी झाकतं, वाढवतं, आणि घराण्यातल्या जाडीवर तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

तळव्यांवर बाजरीच्या दाण्यांसारखे टणक कण असतील आणि अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तर पाण्यातल्या आर्सेनिकची आठवण ठेवावी. पश्चिम बंगालमध्ये डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ च्या सुमारास कूपनलिकांच्या पाण्याशी याचा संबंध उघड केला. आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये, राजनांदगाव भागातल्या कौडीकसा गावातही तो आढळला. पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. महाराष्ट्रात मी पाण्यापेक्षा पुड्यांबद्दल जास्त विचारतो: सोमल, हरताळ, मनशीळ (तिन्हींत आर्सेनिकच असतं) घातलेली औषधं वर्षानुवर्षं घेतली आहेत का? या कणांतून पुढे कातडीचा कर्करोग होऊ शकतो. आणि मोठ्या माणसाचे तळवे काही महिन्यांत भराभर जाड झाले, जोडीला वजन उतरलं, गिळताना अडकतंय, तर तळवे बाजूला ठेवून आधी आतलं दुखणं शोधायचं. तुमच्या आईच्या बाबतीत असं काही लिहिलेलं नाही, म्हणून घाबरू नका.

उपचार. घराण्यातला प्रकार मुळापासून जात नाही, पण त्याच्यासकट नीट जगता येतं. गुळगुळीत गुलाबी तळवा हे ध्येय ठेवलंत तर निराशाच येईल. भेग न पडणं, न दुखणं, वास न येणं आणि मूठ पूर्ण मिटता येणं, एवढं मागा. ते मिळतं.

नवरा आणि सासरे यांच्यासाठी रात्रीचा रिवाज असा. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं हात-पाय बुडवायचे. कातडी फुगून पांढरी पडली की वजरीने हलकं घासायचं, एका दिशेने, गुलाबी दिसायच्या आत थांबायचं. ब्लेड, चाकू, विळी अजिबात नको. माझ्याकडे ब्लेडने तासून टाचेत पू घेऊन आलेले मी किती पाहिलेत! मग पाणी टिपून, अंग ओलसर असतानाच युरियाचं मलम, वीस टक्क्यांपासून सुरू करून गरज पडली तर चाळीसपर्यंत. किंवा सॅलिसिलिक ऍसिडचं, सहा ते बारा टक्के. वरून सुती मोजा, फारच जाडी असेल तर त्याखाली प्लॅस्टिकचं आवरण. भेगांत कोकमाचं तेल, कोकणात भिरंडेल म्हणतात ते, वितळवून भरायला माझी हरकत नाही. माझी आजी तेच करायची आणि भेग खरंच सांधते. जाडी मात्र त्याने उतरत नाही. शेतात कामाला जाताना बंद चपला आणि हातमोजे. कुष्ठकार्यातल्या लोकांनी रुळवलेल्या एमसीआर रबराच्या मऊ चपला या पायांनाही फार मानवतात.

पावसाळ्यात चिखलात उभं राहिलं की जाड थर पाणी पिऊन कुजतो, बारीक खड्डे पडतात आणि वास येतो. त्यातच बुरशी शिरते. मूळ आजार 'अचानक वाढला' म्हणून येणाऱ्यांमध्ये खरवडून बघितलं तर कितीदा तरी बुरशीच असते. तिच्यावर उपाय आहे, आणि तेवढ्याने निम्मा त्रास जातो. व्हिटफिल्डचं जुनं, स्वस्त मलम इथे दोन्ही कामं करतं, बुरशी मारतं आणि थर सैल करतं.

गोळी आहे, ऍसिट्रेटिन. जाडी उतरवते, पण तुमच्या घरातल्या प्रकारात ती जास्त झाली तर थर निघून खालची नाजूक कातडी उघडी पडते आणि माणसाला चालवत नाही. म्हणून अगदी कमी मात्रेत, यकृत आणि चरबीच्या चाचण्या करत. मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला मी ती देत नाही. गोळी थांबल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नसतो, दारू तर गोळी चालू असताना आणि नंतर दोन महिने पूर्ण बंद. पुरुषाने घेतल्याने तुमच्या गर्भाला धोका आहे असं दिसलेलं नाही. मात्र गोळी चालू असताना आणि नंतर तीन वर्षं नवऱ्याने रक्तदान करायचं नाही, कारण ते रक्त कुणा गरोदर बाईला जाऊ शकतं.

बाळाला यातलं काही नको. आंघोळीनंतर साधी पेट्रोलियम जेली, दिवसातून दोन-तीनदा. सॅलिसिलिक ऍसिड तर नकोच, लहान बाळाच्या अंगात ते शोषलं जाऊन विषबाधा होऊ शकते. वजरीही नको. ती चालायला लागली की जाडी वाढेल, कधी एखादा फोड येईल. तेव्हा दचकू नका. तीन-चार वर्षांची होईपर्यंत जे रूप यायचं ते येऊन जातं आणि तळव्याची हद्द सहसा ओलांडत नाही. दात वेळेवर येतायत का, हिरड्या कशा आहेत, केस कसे आहेत, एवढं प्रत्येक भेटीत दाखवा.

दुसऱ्या मुलाला हे येण्याची शक्यता दर खेपेला निम्मी. पहिल्या मुलीला आलं म्हणून दुसऱ्याची पाळी टळत नाही आणि मुलगा-मुलगी असा फरकही नाही. नवऱ्याच्या जनुकातला दोष नेमका माहीत असेल तर गर्भाची तपासणी करता येते. करायची की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. आयुष्य, बुद्धी, अंगातली ताकद यांत काही उणं येत नाही. तुमच्या सासऱ्यांना एकदा विचारा, त्यांना आजाराचा जास्त त्रास झाला की लोकांच्या बोलण्याचा. माझ्याकडे येणारी अशी माणसं बहुतेक दुसऱ्याबद्दलच बोलतात.

एक शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी. रेशनच्या दुकानात सासऱ्यांचा अंगठा उठत नसेल. उठणारही नाही, रेषाच जाड थराखाली गेल्यात. मशीनपुढे उभं राहून अंगठा दगडावर घासू देऊ नका. आधार केंद्रात बुबुळांची नोंद ताजी करून घ्या आणि दुकानदाराला बुबुळ किंवा ओटीपी वापरायला सांगा. मी अशा रुग्णांना 'जन्मजात आजारामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत' असं पत्र देतो. तुमच्या जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडून सासरे आणि नवरा, दोघांच्याही नावाने तसं मागून घ्या. मुलीचं पाचव्या वर्षी बोटांचे ठसे घ्यायची वेळ येईल, तेव्हा तेच पत्र बरोबर न्या.